दुबळ्या हाताचा अधिकार

आजाऱ्याची सेवा करावी हे आपल्या समाजाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. घरातील कर्त्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला की तासाभरात सारी आळी गोळा होते. कुणी गाडी आणतो, कुणी इस्पितळातल्या रात्रीच्या पाळ्या लावून घेतो, कुणी घरच्या मुलांना जेवू घालते. रुग्ण घरी परतला म्हणजे त्याच्या खाटेभोवती एवढे हात असतात की त्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलावा लागत नाही. या सेवाभावाबद्दल आम्हांला आदरच आहे. तथापि आजाऱ्यांच्या भेटी घेत असताना गेली काही वर्षे एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे व तो वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांला वाटते. प्रेमाने केलेली सेवा आजाऱ्याचे नुकसान करू शकते काय? आणि करीत असेल, तर ते नुकसान केवळ वैद्यकीय समजावे, की त्यात अन्यायाचाही काही अंश आहे?

प्रथम शरीराचे म्हणणे ऐकू या. अर्धांगवायूत इजा होते ती मेंदूला. मेंदूतील एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि तेथील पेशी मरतात. मेंदूकडून हुकूम घेऊन उतरणारे बहुतेक तंतू वाटेत बाजू बदलतात, म्हणून मेंदूच्या डाव्या भागातील इजेने उजवे अंग लुळे पडते. त्या दिवशी हातापायाचे स्नायू निरोगीच असतात. त्यांना हुकूम मिळेनासा होतो, एवढेच. परंतु स्नायू म्हणजे कपाटात जपून ठेवावी अशी वस्तू नव्हे. त्यातील प्रथिनांची मोडतोड आणि बांधणी रात्रंदिवस चालू असते. काम पडत राहिले तर बांधणी टिकते, काम थांबले की मोडतोड वरचढ होते. पाहता पाहता लुळ्या पायाची पोटरी बारीक होते. कधी घेर फारसा घटत नाही, पण आत स्नायूच्या जागी चरबी शिरते. पोटरी आखडून टाच जमिनीला टेकेनाशी होते. वळलेली मूठ उलगडत नाही. आणि एका गोष्टीकडे कुणाचेच लक्ष नसते: बरी बाजूही झिजते, कारण खाटेवर तीही पडूनच असते.

नुसते पडून राहण्याची किंमत किती, याचा अंदाज अमेरिकेत झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगावरून येतो. सरासरी ६७ वर्षे वयाच्या, धडधाकट अशा अकरा स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणात ठेवण्यात आले. त्यांना अर्धांगवायू झालेला नव्हता, आणि आहारही नेहमीच्या प्रमाणात मिळत होता. दहा दिवसांनी मोजले तेव्हा दोन्ही पायांतले मिळून सुमारे एक किलो मांस गेले होते, आणि पायांची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी उणी झाली होती. निरोगी माणसाची ही कथा. मग महिनेच्या महिने छताकडे पाहत पडून राहणाऱ्याचे काय होत असेल, हे सांगण्यास वैद्य नको.

येथे जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडे आजाऱ्याचे अन्न म्हणजे पेज, चहा आणि बिस्किटे. पचायला हलके, म्हणून प्रेमाने तेच वाढले जाते. पण स्नायू बांधायला प्रथिने लागतात, आणि ती पेजेत फारशी नसतात. मूत्रपिंडाचा विकार नसेल आणि गिळण्याची अडचण नसेल, तर मासे, अंडी, डाळ यांना त्या ताटात जागा का नसावी, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माकडांवर काही प्रयोग केले होते. (त्याच प्रयोगशाळेवर १९८१ साली धाड पडली आणि प्राण्यांना क्रूरपणे वागविल्याचा खटला उभा राहिला. तो एक निराळा नैतिक प्रश्न आहे, आणि लहान नाही.) माकडाच्या एका हाताच्या संवेदना नाहीशा केल्या की ते तो हात वापरणे सोडून देई. हात हलविण्याची क्षमता मात्र पुरती गेलेली नसे. टॉब यांनी त्याचा उलगडा असा केला: आरंभी माकड तो हात वापरू पाहते, जमत नाही; दुसरा हात तेच काम चटकन करून टाकतो; काही दिवसांत त्या प्राण्याच्या अंगवळणी पडते की हा हात आपला नाहीच. पुढे त्या हातात थोडीफार शक्ती परतली तरी तिची चौकशी कुणी करीत नाही. टॉब यांनी बरा हात बांधून ठेवला, तेव्हा दुबळा हात कामाला लागला.

हेच पुढे माणसांच्या बाबतीत करून पाहण्यात आले. २००६ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. ज्यांना हा उपचार द्यायचा होता त्यांच्या बऱ्या हातावर दोन आठवडे जाड हातमोजा चढविण्यात आला, जागेपणीचा बहुतेक काळ, आणि दुबळ्या हाताकडून रोज तास न् तास काम करून घेण्यात आले. त्या हाताची सुधारणा इतरांपेक्षा अधिक झाली आणि वर्षभरानंतरही टिकून होती. अर्थात मनगट व बोटे थोडी तरी हलविता येत होती अशांनाच त्यात घेतले होते. ज्याचा हात पूर्णपणे निर्जीव आहे त्याच्यासाठी हा मार्ग नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

या सगळ्यात आम्हांला अस्वस्थ करते ती बऱ्या हाताची भूमिका. त्याने काही वाईट केलेले नाही. तो मदतीला धावतो, कामे उरकतो, दुबळ्या भावाची उणीव कुणाला जाणवू देत नाही, आणि तेवढ्यानेच त्या दुबळ्याला कायमचा निकामी करतो. आम्ही ज्या घरांतून जातो तेथे घरची माणसे नेमके हेच करीत असतात. सारे घर त्या आजाऱ्याचा बरा हात झालेले असते. “बाबा, तुम्ही हलू नका, आम्ही आहोत ना.” बाबांनी सदऱ्याच्या बटणाकडे बोट नेले की सूनबाई पुढे होऊन ते लावून देते. आईने चमचा उचलला की तो सांडेल म्हणून मुलगी काढून घेते. ज्यांची वाचा अडखळते त्यांचे वाक्य कुणीतरी दुसराच पुरे करतो, आणि बहुधा चुकीचे पुरे करतो. आजारी माणूस मान हलवून मुकाट होतो.

याला प्रेम म्हणावे, की घाई? आम्हांला वाटते, यात घाईचा वाटा आपण कबूल करतो त्याहून मोठा असतो. बटण लावायला बाबांना दहा मिनिटे लागतात; मुलाला गाडी पकडायची असते, मुलांची शाळा असते, चुलीवर काही तरी असते. दहा मिनिटे उभे राहून एका बटणाकडे पाहत बसण्यापेक्षा ते लावून टाकणे सोपे. त्यात दोष देण्यासारखे थोडेच आहे. पण मग त्याला नाव तरी खरे द्यावे. सांडलेला वरण-भात पुसायचा त्रास वाचावा म्हणून भरविले, तर ते आपल्या सोयीसाठी भरविले. आजाऱ्यावर उपकार केले असे मानू नये.

पेद्रो बाख-इ-रिता यांची कथा येथे सांगण्याजोगी आहे. २००७ साली नॉर्मन डॉइज या मनोविकारतज्ज्ञाच्या पुस्तकातून ती जगभर पोहोचली. पेद्रो हे कॅटालोनियातले कवी व विद्वान, विधुर, न्यूयॉर्कमध्ये अध्यापन करणारे. १९५९ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांना मोठा झटका आला. अर्धे अंग गेले, वाचा गेली. त्यांचा मुलगा जॉर्ज त्या वेळी मेक्सिकोत वैद्यक शिकत होता. तो वडिलांना आपल्याकडे घेऊन आला. इस्पितळात चार आठवड्यांचे उपचार झाले. फरक जवळजवळ पडला नाही, आणि तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्याहून अधिक काही करण्याजोगे नव्हते. जॉर्जला पुनर्वसनाचे शास्त्र ठाऊक नव्हते, आणि ते अज्ञान त्याच्या पथ्यावर पडले. लहान मूल आधी रांगते, मग चालते. तेव्हा वडिलांनीही आधी रांगावे, असे त्याने ठरविले. गुडघ्यांना पट्टे बांधून तो त्यांना जमिनीवर उतरवी. दुबळा खांदा व हात भिंतीला टेकवून, भिंतीच्या आधाराने पेद्रो महिनोन् महिने रांगले. मग बागेतही रांगू लागले. जमिनीवर नाणी टाकून ती दुबळ्या हाताने उचलायची, असे खेळ झाले. भांडी घासायची झाली की बऱ्या हाताने भांडे धरायचे आणि दुबळ्या हाताने घासायचे: पंधरा मिनिटे एका दिशेने, पंधरा मिनिटे उलट दिशेने.

शेजाऱ्यांना हे सहन झाले नाही. एवढ्या विद्वान प्राध्यापकाला कुत्र्यासारखे रांगायला लावणे अशोभनीय आहे, असे ते म्हणू लागले. वाचकहो, हे मेक्सिकोतले शेजारी आम्हांला फार ओळखीचे वाटतात. आपल्या आळीत एखाद्या मुलाने आजारी बापाच्या हाती भांडे घासायला दिले तर विहिरीवर, बाजारात, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर काय बोलले जाईल? आईबापांची सेवा आपण पुष्कळदा आईबापांसाठी करतो, आणि काही अंशी आळीसाठी करतो. खाटेवर स्वच्छ चादरीत स्वस्थ पडलेला बाप पाहून लोक म्हणतात, मुले किती चांगली! अंगणात घामाघूम होऊन भिंत धरून उभा असलेला बाप पाहून तसे म्हणत नाहीत.

पेद्रो चालू लागले, बोलू लागले. टंकलेखन यंत्रावर आधी सारा हात आपटून, मग हळूहळू एकेका बोटाने लिहू लागले. अडुसष्टाव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात पुन्हा शिकवू लागले. पुढे पुन्हा विवाह केला, प्रवास केला. बहात्तराव्या वर्षी कोलंबियात मित्रांबरोबर डोंगर चढत असताना हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. शवविच्छेदनात दिसून आले ते त्यांचा दुसरा मुलगा पॉल याला चक्रावून टाकणारे होते. मेंदूकडून पाठीच्या कण्याकडे जाणाऱ्या तंतूंपैकी ९७ टक्के नष्ट झालेले होते, आणि ते कधीच भरून आले नव्हते. उरलेल्या थोड्या मार्गांनी मेंदूने आपला व्यवहार नव्याने लावून घेतला होता. पॉल बाख-इ-रिता यांनी पुढे आयुष्यभर मेंदूच्या या क्षमतेचाच अभ्यास केला.

अशा कथेचा एक धोकाही असतो. ती ऐकून उत्साही नातेवाईक दुसऱ्याच दिवशी रुग्णाला खाटेवरून ओढून काढतील. तसे करू नये. २०१५ साली पाच देशांतील २१०४ रुग्णांच्या पाहणीत आढळले की झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत वारंवार व जोमाने उठविण्याने अपाय झाला. अशांपैकी ४६ टक्क्यांची प्रकृती तीन महिन्यांनी समाधानकारक होती, तर नेहमीच्या पद्धतीने हाताळलेल्यांपैकी ५० टक्क्यांची. आपल्या देशातील १४ इस्पितळांत १२५० रुग्णांवर झालेली पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. घरच्या माणसांना थोडे शिक्षण देऊन त्यांच्याकरवी व्यायाम करवून घेण्याची ती योजना होती. सहा महिन्यांनी पाहिले तर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के होते. आम्हांला हे वाचून प्रथम खेद झाला, मग हायसे वाटले. खेद अशासाठी की गरीब घरांना ती स्वस्त वाट मिळाली असती. हायसे अशासाठी की बाप चालला नाही तर तो मुलांच्या प्रेमाचा कमीपणा ठरत नाही. फिजिओथेरपिस्टची जागा घरच्या मायेने भरून निघत नाही. लुळ्या हाताला धरून ओढू नये, त्याने खांदा निखळतो. आडवे झोपवून भरवू नये, घास श्वासनलिकेत जातो. या साध्या गोष्टीसुद्धा कुणीतरी दाखवून द्याव्या लागतात.

आता न्यायाचा प्रश्न. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी ‘क्वाद्रागेसिमो आन्नो’ या परिपत्रकात समाजव्यवस्थेविषयी एक तत्त्व मांडले. व्यक्ती आपल्या प्रयत्नाने व उद्योगाने जे करू शकते ते तिच्याकडून काढून समाजाकडे सोपविणे योग्य नाही; तसेच लहान संस्थेला जे साधते ते मोठ्या संस्थेने बळकावणे हा अन्याय होय, असा त्याचा आशय. सेमिनरीत हे पूरकतेचे तत्त्व सरकार, कामगार संघटना आणि कुटुंब यांच्या संदर्भात शिकविले जाते. खाटेच्या संदर्भात ते कुणी शिकवीत नाही. पण आम्हांला वाटते, ते तेथेच अधिक खरे आहे. या तत्त्वाच्या नावामागे असलेला ‘सुब्सिदियुम’ हा लॅटिन शब्द मूळचा रणांगणावरचा. पुढच्या फळीच्या मागे राखीव बसलेल्या तुकडीला तो लावीत. पुढची फळी लढत असते, राखीव तुकडी जागी राहून पाहत असते, आणि पुढच्यांचे बळ ओसरले तरच उठते. आधीच पुढे धावली तर ती राखीव राहत नाही, आणि पुढच्यांना लढण्याचे कारण उरत नाही. आजाऱ्यामागे असे बसून राहणे हे फार कष्टाचे काम आहे. हात पुढे करण्यापेक्षा हात आवरून धरण्याला अधिक बळ लागते.

म्हणून जे आजारी माणूस स्वतः, कितीही हळू, कितीही वेडेवाकडे करू शकतो, ते त्याच्याकडून काढून घेणे हा आमच्या मते अन्याय होय. सेवेच्या भावनेने तो केला म्हणून अन्यायपण जात नाही.

शुभवर्तमानात वाळलेल्या हाताच्या माणसाची कथा आहे. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही ती सांगितली आहे. तो हात उजवा होता, एवढा तपशील लूक पुरवितो. सभास्थानात, शब्बाथाच्या दिवशी, प्रभू येशू त्याला सर्वांच्या मधोमध उभे राहायला सांगतो आणि मग हात पुढे करायला सांगतो. प्रभूने त्या हाताला स्पर्श केल्याचे तिघांपैकी एकानेही लिहिलेले नाही. जे त्याला करता येत नव्हते, नेमके तेच त्याच्याकडे मागितले गेले. चमत्कार हा व्यायामाचा पाठ म्हणून वाचणे आम्हांला मान्य नाही. बरे करणारे सामर्थ्य त्या माणसाचे नव्हते. पण त्या सामर्थ्याने त्याला वगळून काम केले नाही, ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही.

कुणी विचारील, माणसाची किंमत त्याच्या स्नायूंवर ठरते काय? मुळीच नाही. किंमत हालचालीवर ठरत असती तर जो कधीच उठणार नाही त्याला कमी माणूस मानावे लागले असते, आणि तो विचार आम्हांला घृणास्पद वाटतो. किंबहुना तो पूर्ण माणूस आहे म्हणूनच त्याच्या इच्छेला आणि प्रयत्नाला जागा हवी. ज्याचे एक बोटही हलत नाही त्यालासुद्धा विचारता येते: कोणता सदरा घालू? खिडकी उघडू की असू दे? कुशीवर वळवू का? न विचारता उचलले जाणे हा अनुभव आपल्यापैकी कुणी बालपणानंतर घेतलेला नसतो.

आणि आजारी माणूसच नको म्हणाला तर? “पुरे झाले, मला पडू दे,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हे उत्तर आम्हांला सोपे वाटत नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसालाही प्रभूने आधी विचारले होते की तुला बरे व्हायचे आहे काय. तो प्रश्न उपचारापुरता विचारला नसावा. अर्धांगवायूनंतर साधारण एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते, आणि ते औषधोपचाराने हटू शकते. म्हणून त्या ‘नको’ला आळस समजून रागावणे अयोग्य, आणि तेच अखेरचे उत्तर समजून खाट भिंतीकडे सरकविणेही अयोग्य. पुन्हा विचारावे. चार दिवसांनी, दुसऱ्या शब्दांत, दुसऱ्या कुणी विचारावे. तरीही शुद्धीवर असलेल्या, सगळे समजून बोलणाऱ्या माणसाला जबरदस्तीने उभे करण्याचा हक्क आम्हांला कुठे दिसत नाही.

सेवा करणारीविषयीही लिहिले पाहिजे. ती बहुधा सून असते, कधी अविवाहित मुलगी. बाबांना उठविताना तिची कंबर धरते. तिने अजून धीर धरावा, अजून दहा मिनिटे थांबावे, असा उपदेश वेदीवरून करणे आम्हांला सोपे आहे. त्या दहा मिनिटांत तिच्या वाटणीचे काम दुसरे कोण करणार, हे मुलग्यांनी ठरवावे. पूरकतेचे तत्त्व तिलाही लागू आहे: तिच्या मागेही कुणीतरी राखीव बसलेला असला पाहिजे.

पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यास जातो. आमच्या यादीत उजवे अंग गेलेले तिघे जण सध्या आहेत. क्रूसाची खूण करण्याची वेळ येते तेव्हा बहुतेक घरांत कुणीतरी पुढे होते आणि आजाऱ्याचा हात धरून कपाळाला, छातीला, खांद्यांना लावून देते. त्यांना आम्ही थांबवतो. एका आजोबांचा हात कपाळापर्यंत पोहोचत नाही. हनुवटीपर्यंत जातो, तिथे थरथरतो, मग छातीवर पडतो. खांद्यांचे काम ते डाव्या हाताने उजवा हात उचलून करतात. सारे मिळून दोन-तीन मिनिटे जातात. तोवर आम्ही पुस्तक मिटून उभे राहतो. पुढच्या घरी पोहोचायला थोडा उशीर होतो. तिथल्या मंडळींना कारण ठाऊक आहे.